पागधरेच्या फ्रीजला नळ

कारखान्यात दोन गोष्टी आपोआप साठत जातात. एक भंगार आणि दुसरे किस्से. भंगाराचा निदान अधूनमधून लिलाव होतो, ट्रक येतो, जागा रिकामी होते. किश्शांना गिऱ्हाईक नाही. ते कॅन्टीनच्या टेबलाखाली, शिफ्टच्या बसमध्ये, कूलिंग टॉवरच्या मागे तसेच पडून राहतात. मग कुणीतरी "अरे, तो पागधरेचा फ्रीज आठवतो का?" एवढंच म्हणतं आणि सगळे एकदम अंगावर येतात. परवा एका नव्या इंजिनियरनं विचारलं, "कसला फ्रीज?" त्याला सांगता सांगता आमचं जेवण राहिलं, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच काढू.

मी रूपेश. तारापूरच्या एमआयडीसीतल्या एका औषधांच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे. आमचं खातं युटिलिटी, म्हणजे वाफ, हवा आणि थंड पाणी. प्रॉडक्शनवाले औषध बनवतात आणि फोटोत येतात. आमचं नाव वाफ बंद पडल्यावरच निघतं, तेही आईवरून!

आमची चौकडी अशी. दीपक पागधरे हा चिलर ऑपरेटर. मूळ दातिवऱ्याचा, घरची मासेमारीची बोट, पण आठ वर्षांपूर्वी बोट सोडून इथं लागला आणि बोईसरला बिऱ्हाड केलं. तिवारी फिटर, उत्तर प्रदेशातला, पाइपाच्या बाबतीत देवमाणूस. सावेसाहेब सेफ्टी ऑफिसर. कागदावर सही झाल्याशिवाय हा माणूस शिंकत नाही. आणि चौथा मी. दर रविवारी आम्ही पागधरेकडे बसतो. तिवारी पीत नाही, तो फक्त चखणा संपवतो.

तर जानेवारीत पागधरेच्या धाकट्या बहिणीचा, कामिनीचा, साखरपुडा झाला. हळद मे महिन्यात ठरली. किनाऱ्यावर मे महिन्यातली हळद ज्यानं सोसलीय त्यालाच माहीत. मांडवात माणूस शिजतो, आणि बर्फाच्या पिंपातून काढलेली बिअर तोंडाला लावेपर्यंत तिचा चहा होतो. साखरपुड्यात त्यावरूनच चर्चा चालली होती. पागधरेचे वडील तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान, सगळा गाव त्यांना मानतो. ते म्हणाले, "मी बर्फाच्या वीस लाद्या सांगून ठेवतो."

पागधरेला काय सुचलं कोण जाणे! भर मांडवात उभा राहून म्हणाला, "लाद्या नको. हळदीला बिअर नळानं येईल. थंडगार!"

वडिलांनी मान पण वर केली नाही. म्हणाले, "हा आननार? बोट सोडून पानी थंड करायला गेलाय तो!"

सगळा मांडव हसला. गंमत म्हणजे ते अगदी खरं होतं. चिलर ऑपरेटर दुसरं करतो काय? पाणीच थंड करतो.

सोमवारी कॅन्टीनमध्ये पागधरेनं डबा उघडला नाही. म्हणाला, "आठ वर्सं झाली रूपेश. बाबानं एकदा पन इचारलं नाय, तू तिकडं नेमका करतोस काय. हळदीला त्याला दाखवायचंच हाय." मला खरंच वाईट वाटलं. तिवारीनं आपल्या डब्यातला लाडू त्याच्यापुढे सरकवला. सावेसाहेबांनी खिशातून पेन काढलं आणि विचारलं, "प्रोजेक्टचं नाव काय लिहू?"

*

तशी कल्पना सोपी. ठाण्याकडच्या एका छोट्या ब्रुअरीत बिअर स्टीलच्या पिंपात मिळते, त्याला केग म्हणतात. पिंपात वरून गॅस सोडायचा, त्याच्या दाबानं बिअर नळीतून वर चढते. ते पिंप फ्रीजमध्ये ठेवायचं, गॅसचा सिलिंडर बाहेर, आणि नळ फ्रीजच्या अंगावर. इंटरनेटवर या यंत्राला केजरेटर म्हणतात. आम्ही पागधरेचा फ्रीज म्हणतो.

फ्रीज मिळाला पागधरेच्या मावशीकडून. मावशी बोईसरच्या बाजारात मासे विकते. तिनं नवा घेतला आणि जुना भाच्याला दिला. चांगला उंच, दोन पिंपं मावतील असा. फक्त एकच अडचण होती. बारा वर्षं त्यात बोंबील, मांदेली आणि कोळंबी यांनी सुखानं संसार केला होता!

आम्ही तो सोड्यानं धुतला. लिंबानं घासला. कॉफीची पूड ठेवली. सावेसाहेबांनी पाण्याच्या फिल्टरमधला कोळसा आणून वाट्यावाट्यांनी मांडला. तिवारी शुद्ध शाकाहारी, तो गॅसचा मास्क लावूनच घरात शिरायचा. मग चाचणी म्हणून रात्रभर फ्रीजमध्ये पाण्याचा उघडा पेला ठेवायचा आणि सकाळी तो मी प्यायचा, असं ठरलं. का मी? कारण मी इन्स्ट्रुमेंटवाला, मोजमाप माझ्याकडे! पहिल्या दिवशी घोट घेतला आणि पागधरेच्या बायकोला म्हटलं, "वहिनी, भात असेल तर वाढा. हे पाणी नाही, कालवण आहे."

पंधरा दिवसांनी पाणी पाण्यासारखं लागलं. आम्ही अभिमानानं मावशीला बघायला बोलावलं. मावशीनं दार उघडलं, आत डोकं घातलं, दोनदा जोरात हुंगलं आणि तिचं तोंड उतरलं.

"दीपक, चांगला चालू फ्रीज दिला व्हता रे तुला! काय केलास त्याचं? वासच गेला!"

*

नळ बसवायचा तर फ्रीजच्या अंगाला भोक पाडावं लागतं. भोक पाडायचं म्हणजे सावेसाहेबांच्या मते ते धोकादायक काम, आणि त्याला परमिट हवं. त्यांनी पागधरेच्या स्वयंपाकघरासाठी रीतसर वर्क परमिट काढलं. त्यावर पागधरेची सही अर्जदार म्हणून आणि जागामालक म्हणूनही. आम्ही हेल्मेट घालून उभे. खाली शेजारीण विचारत होती, "यांच्याकडे बिल्डिंग पाडतायत का?"

खरी अडचण वेगळी होती. फ्रीजच्या पत्र्याआड गॅसच्या बारीक नळ्या असतात. ड्रिल त्यांच्यातून गेलं की फ्रीजचं कपाट होतं. नळ्या दिसत नाहीत, नकाशा कुणाकडे नाही. पागधरे म्हणाला, "मशीन चालू करा. नळी जिथून जाते तिथं पत्रा कोमट लागतो. हातापेक्षा गालाला नीट कळतं."

मग त्यानं फ्रीजला दोन्ही हातांनी मिठी मारली, गाल टेकवला आणि डोळे मिटले. हळूहळू वरून खाली, खालून वर. आम्ही तिघं श्वास रोखून बघत होतो. तिवारी खडू घेऊन खुणा करत होता.

तेवढ्यात जयश्रीवहिनी शाळेतून आल्या. त्या शिक्षिका आहेत, दारातून सगळ्या वर्गाकडे बघायची त्यांना सवय. नवरा फ्रीजला बिलगलेला, आजूबाजूला हेल्मेट घातलेले तीन पुरुष. त्या चपला काढता काढता म्हणाल्या, "चालू द्या तुमचं. लग्नाला सहा वर्षं झाली, मला असं कधी जवळ घेतलं नाही!"

भोक मात्र बरोबर पडलं. एकही नळी फुटली नाही.

*

आता माझी चूक सांगतो. बाकीचे सांगतील त्यापेक्षा मीच सांगितलेली बरी.

कारखान्यात हवेच्या लाइनला सात किलो प्रेशर असतं. मी पंधरा वर्षं रेग्युलेटर हातात आला की सातवर नेऊन सोडतो. बिअरला एक किलोसुद्धा लागत नाही. हे मला माहीत होतं. माझ्याच अक्षरात ते लिहून फ्रीजवर चिकटवलेलं होतं. पण हात म्हणून काही स्वतंत्र माणूस असतो!

सावेसाहेबांनी त्याआधी हट्टानं एक सेफ्टी व्हॉल्व्ह बसवून घेतला होता. आम्ही खूप चेष्टा केली. "घरच्या बिअरला सेफ्टी व्हॉल्व्ह? उद्या खिचडीला बसवाल!" ते म्हणाले, "बसेल. नाहीतर माझी सही नाही."

तर तो पहिल्या केगचा दिवस. वहिनींनी फ्रीजला कुंकू लावलं, नारळ फुटला. मी गॅस सोडला, सवयीनं थेट सातवर. पागधरेनं नळ उघडला. बिअर ग्लासात पडलीच नाही. ती सरळ समोर उभ्या असलेल्या तिवारीच्या छातीवर गेली. जन्मात थेंब न प्यालेला माणूस, त्याच्या वाटची त्याच्या शर्टानं प्यायली! त्याच क्षणी सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला आणि अशी शिट्टी वाजली की काय सांगू.

पुढचं आम्ही ठरवून केलं नाही, शपथेवर सांगतो. कारखान्यात शिट्टी झाली की काय करायचं हे आमच्या हाडात बसलंय. चौघंही हातातलं टाकून पळालो. जिना उतरलो. सावेसाहेबांनी दुसऱ्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या साडीकडे बघून वाऱ्याची दिशा ठरवली आणि ओरडले, "डावीकडे!" आम्ही डावीकडच्या पार्किंगमध्ये रांगेत उभे राहिलो. साहेबांनी मोजलं, "एक, दोन, तीन आणि मी चार. सगळे सेफ!"

तिवारी हळूच म्हणाला, "साहब, भाभी तो अंदर ही हैं."

आम्ही वर बघितलं. गॅलरीत वहिनी उभ्या होत्या, डोक्यापासून पायापर्यंत भिजलेल्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "सिलिंडर मी बंद केलाय. मोजणी झाली असेल तर वर या आणि लादी पुसा."

*

पुढच्या रविवारी फरसाण घेऊन गेलो तर नळाला लाल कुलूप! कारखान्यात मशीन दुरुस्तीला काढलं की असं कुलूप लावून वर टॅग अडकवतात, म्हणजे चुकून कुणी ते चालू करू नये. एक वहिनींच्या हाती लागलं होतं. टॅगही त्यांनी सुवाच्य अक्षरात भरला होता.

"उपकरण: नळ. बंद ठेवण्याचं कारण: नवरा दुरुस्तीला काढला आहे. काम कधी पूर्ण होईल: सांगता येत नाही."

पागधरे सावेसाहेबांना म्हणाला, "साहेब, तुमी काढा. तुमचंच कुलूप हाय."

सावेसाहेबांनी चष्मा लावून टॅग दोनदा वाचला. "ज्यानं टॅग लावला त्यानंच काढायचा. नियम आहे. मी हात लावला तर उद्या प्लांटमध्ये माझं कोण ऐकेल?" मग ते स्वयंपाकघराकडे वळून म्हणाले, "वहिनी, टॅगवर तारीख राहिलीय!"

वहिनींनी आतून पेन आणलं, तारीख टाकली आणि आम्हाला चहा दिला. तीन रविवार आम्ही त्या फ्रीजसमोर बसून चहा प्यालो. चौथ्या रविवारी पागधरेनं आख्ख्या घराच्या लाद्या घासून काढल्या तेव्हा कुठे किल्ली मिळाली.

*

मग फेसाचं प्रकरण. प्रेशर बरोबर, थंडावा बरोबर, पण ग्लासात निव्वळ फेस. नुसती दाढी करावी असा फेस! मे जवळ येत चालला होता आणि पागधरेची झोप उडाली होती. रोज शिफ्टला येऊन म्हणायचा, "बाबा हसनार रूपेश. सगळ्या गावासमोर हसनार."

कारण शेवटी मला सापडलं. पिंपापासून नळापर्यंतची नळी तिवारीनं टाकली होती, दीड फुटाची, जाड, सरळसोट, एकही वळण नाही. फिटर म्हणून ते काम बघण्यासारखं होतं. पण बिअरला उलटं लागतं. बारीक नळी, दहा फूट लांब, वेटोळं घातलेली, म्हणजे तिचा जोर वाटेतच उतरतो. हे तिवारीला सांगायला कुणी तयार होईना. शेवटी मी सांगितलं.

तिवारीनं आपली दीड फुटाची नळी उलटसुलट करून बघितली. मग म्हणाला, "डेढ़ फुट के काम को दस फुट? हमारे उस्ताद देखते तो हाथ काट देते!" पण दुसऱ्या दिवशी आला आणि नळीचं असं वेटोळं बसवलं की प्रत्येक फेऱ्यात सारखं अंतर, प्रत्येक फेऱ्याला क्लिप. वर साबणाचं पाणी लावून एकेक जोड तपासला, एक बुडबुडा नाही.

नळ उघडला. सोनेरी बिअर, वर दोन बोटं फेस. पागधरेच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यानं तो पहिला ग्लास तिवारीपुढे धरला आणि मग चूक लक्षात येऊन मागे घेतला. तिवारीनं तो परत स्वतःकडे घेतला, उजेडात धरला, सगळ्या बाजूंनी बघितला आणि माझ्या हातात दिला. म्हणाला, "हम पीते नहीं, लेकिन टपकने भी नहीं देते!"

*

हळदीच्या दिवशी सकाळी टेम्पो निघाला. फ्रीज आडवा न्यायचा नसतो, म्हणून तो उभा, चारी बाजूंनी बांधलेला, आणि पागधरे त्याला धरून उभा. पालघर ओलांडल्यावर एका नाक्यावर अडवलं. हवालदारानं ताडपत्री उचलली. आत नळ असलेला फ्रीज, पाच स्टीलची पिंपं, एक गॅसचा सिलिंडर आणि एक घामाघूम माणूस.

"हे काय आहे?"

परवाने सगळे होते. ब्रुअरीची पावती होती. ती चार पानं दाखवली असती तर दोन मिनिटांत सुटलो असतो. पण सावेसाहेब उतरले ते फाईल घेऊन, आणि त्यांनी पहिल्या पानापासून सुरुवात केली. परमिट, लीक टेस्ट, सेफ्टी व्हॉल्व्हचा दाखला, मग धोक्यांचा तक्ता. हवालदार मोठ्यानं वाचायला लागला, "संभाव्य धोका: नवऱ्या मुलाचे मामा. उपाय: ग्लास लहान ठेवणे."

त्यानं फाईल मिटली. "साहेब, कागद फार छान आहेत. पण तुम्ही चौघं शुद्धीवर आहात ना?"

सावेसाहेब म्हणाले, "त्याचा रिपोर्ट पान एकोणचाळीसवर आहे!"

*

दातिवऱ्याला काय झालं ते एका वाक्यात सांगतो. नळाला बिअर आली!

चार वाजताचं ऊन, मांडवात वाजंत्री, आणि पागधरेनं नळ फिरवला तसा ग्लास बाहेरून ओला झाला. पहिला ग्लास त्याच्या आईनं घेतला, बोटं बुडवून देवाच्या नावानं चार थेंब जमिनीवर शिंपडले आणि म्हणाली, "देवाला पन बरं वाटलं असंल. केवडा ऊन हाय!" मग जी झुंबड उडाली! गावात पाण्याचा नळ एक दिवसाआड येतो. इथं नळाला बिअर येतेय म्हटल्यावर एक आजी कळशी घेऊन आली आणि रांगेत उभी राहिली. नवऱ्या मुलाचे मामा सात वेळा आले, दर वेळी वेगळी टोपी घालून. मावशी ग्लास संपवून म्हणाली, "चव चांगली हाय. थोडा वास असता तर आनखी मजा आली असती." तिवारी नळावर बसला होता आणि एक थेंब सांडू देत नव्हता.

आणि तांडेलकाका? ते मांडवाच्या दुसऱ्या टोकाला खुर्ची टाकून बसले होते. वीस लाद्या त्यांनी मागवल्याच होत्या. त्या बर्फाच्या पिंपातून बाटली काढायची, पुसायची, प्यायची. तीन तास त्यांनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. इतका राग आला मला! असं वाटलं उठावं आणि म्हणावं, काका, एक घोट घ्या हो, पोरानं पाच महिने रक्त आटवलंय. पण दुसऱ्याच्या बापाला काय बोलणार?

पागधरे हसून हसून सगळ्यांना ग्लास देत होता आणि दर मिनिटाला तिकडे बघत होता.

गर्दी पांगली तेव्हा काका उठून आले. ग्लास घेतला नाही. नळाकडे बघितलं नाही. सरळ फ्रीजच्या मागे गेले, उकिडवे बसले आणि खालच्या काळ्या कॉम्प्रेसरवर तळवा ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला. मग विचारलं, "थंड करायचं मशीन, आनि हे गरम का लागतं?"

पागधरे त्यांच्याशेजारी बसला. "आतली गरमी उचलून भायेर टाकतो बाबा. माजं तेच काम हाय. थंडी कोनी बनवत नाय, गरमी काढावी लागते."

"हं," काका म्हणाले, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि निघून गेले.

परतताना टेम्पोत पागधरे म्हणाला, "बस? एवडंच?" सावेसाहेब म्हणाले, "प्रश्न तर विचारला ना?" पण त्यांनाही ते फारसं पटलं नव्हतं.

*

जुलै संपत आला होता. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठायला तीन दिवस. आम्ही चिलरच्या खोलीत होतो. पागधरेचा फोन वाजला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. वडिलांचा होता. आठ वर्षांत त्यांनी कधी स्वतःहून फोन केला नव्हता. त्याला वाटलं, घरात कुणाचं तरी काहीतरी झालं. मशीनच्या आवाजात ऐकू येईना म्हणून त्यानं स्पीकर लावला.

"दीपक, बाजूच्या गावातला बर्फाचा कारखाना बंद पडलाय. मशीन चालू होतं आनि पाच मिंटात मरतं. मी हात लावून बघला. तुज्या फ्रीजसारखंच हाय, फकस्त मोटं. पन गरम लय लागतं. तुजा गरम लागत व्हता, त्याच्यापेक्षा लय."

"मिस्त्री कुठं हाय बाबा?"

"मिस्त्री चार दिवसानं येनार. सात बोटी बर्फासाटी थांबल्यात. दुसरीकडं बर्फ सांगत व्हते. मी नको बोललो. माजा पोरगा येतंय, बोललो."

फोन बंद झाला. सावेसाहेबांनी सुट्टीचा अर्ज स्वतः भरला. कारण: कौटुंबिक, तातडीचं, रेफ्रिजरेशन! आणि बर्फाच्या मशीनमध्ये अमोनिया, म्हणजे विषारी वायू, असतो, त्याला सेफ्टीशिवाय हात लावायचा नाही म्हणून स्वतःही गाडीत बसले. तिवारी आणि मी होतोच.

बर्फाच्या कारखान्याच्या दारात पन्नास-साठ माणसं होती. सातही बोटींचे तांडेल, खलाशी, मालक. सगळे पागधरेकडे बघत होते. हे जमलं नाही तर हा माणूस पुन्हा गावात तोंड दाखवणार नाही, हे मला कळत होतं. पागधरेनं मशीन चालू करायला लावलं, एकेका पाइपावर तळवा ठेवत गेला, एका ठिकाणी थांबला. पाच मिनिटांनी मशीन बंद पडलं.

"गॅस बरोबर हाय. गरमी न्यायला पानीच येत नाय. तिवारी, ती पान्याच्या पाइपाची गाळणी खोल."

तिवारीनं गाळणी खोलली. दोन महिन्यांचा चिखल, शेवाळ, आणि त्यातून तळहाताएवढा एक खेकडा नांगी उगारून बाहेर आला! जिवंत! तिवारीनं किंचाळून मागे उडी मारली. खलाशी हसून लोळायला लागले. सावेसाहेबांनी वही काढून लिहिलं, "बिघाडाचं मूळ कारण: खेकडा. स्थिती: पळून गेला."

गाळणी धुतली, मशीन चालू केलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली, अर्धा तास झाला. चालूच! काका मशीनपाशी गेले, तळवा ठेवला, काढला. पागधरेला म्हणाले, "जेवून जा." बस. आम्ही सुरमई खाऊन परत आलो. बोटी ठरल्या दिवशी बर्फ भरून गेल्या.

त्यानंतर आठवड्याभरानं दुपारी गेटवरून फोन आला, "पागधरेंना भेटायला कुणीतरी आलंय, आत सोडायचं का?" पागधरे हेल्मेटसकट धावला, मागे आम्ही. बघतो तर तांडेलकाका! एसटी बदलत बदलत आलेले, धुतलेला पांढरा सदरा, डोक्यावर लाल टोपी, आणि हातात केळीच्या पानानं झाकलेली टोपली. या कारखान्याच्या दारात ते पहिल्यांदाच उभे होते. त्यांनी टोपली वॉचमनच्या टेबलावर ठेवली. पान बाजूला झालं, आत चार पापलेटं आणि एक मोठा घोळ मासा.

वॉचमन गोंधळला. आमच्या गेटवर कुठलीही वस्तू कारणाशिवाय आत जात नाही. त्यानं विचारलं, "काका, हे कशाचं म्हणून लिहू?"

"वाटा हाय," काका म्हणाले. "बोटीचा. पैल्या फेरीत परत्येक खलाशाला मिळतो तो."

"कुणाचा?"

काकांनी पागधरेकडे बोट दाखवलं.

वॉचमन हसला. "अहो काका, हे तर रोज इथं ड्युटीला असतात! हे बोटीवर कुठं होते?"

काकांनी त्याच्याकडे असं बघितलं, जसं काही त्याला साधी गोष्ट कळत नाही. मग त्याला नीट समजावं म्हणून सावकाश म्हणाले, "बोटीवर नसंल त्याला आमी वाटा देत नाय."